वैद्यकीचा अभ्यास आणि लेखनाची आवड
(मंडळाच्या इगतपुरी येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी वडीलधाऱ्यांनी उपदेश करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी आज उपदेशाऐवजी एका प्रश्नाचे उत्तर देणार आहे. यंदा एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळालेली आपल्यातील एक कन्या मघाशी चहाच्या वेळी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "काका, मी कविता लिहिते. वही घरी ठेवून जाऊ, की बरोबर नेऊ?" तिचे वडील जवळच उभे होते. त्यांचे उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

त्यांना मी दोष देत नाही. 'नीट' परीक्षेपायी मुलांची उमेद आणि पालकांची शिल्लक कशी खर्ची पडते, हे येथे बसलेली कित्येक कुटुंबे जाणतात. पुढे साडेचार वर्षांचा अभ्यास, त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप. त्यात कवितेला जागा कोठून आणावयाची?

तरीही जागा करणारे होऊन गेले आहेत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉ. भाऊ दाजी लाड हे गोरगरिबांना विनामूल्य औषध देत, आणि कालिदासाच्या काळाविषयी निबंधही लिहीत. आपल्या नाशिकचे डॉ. अ. वा. वर्टी यांनी वैद्यकी सांभाळून कथा लिहिल्या. त्यांच्या नावाने तेथील सार्वजनिक वाचनालय कथालेखकास पुरस्कार देते. रशियातील चेकॉव्ह तर विद्यार्थिदशेतच विनोदी लेख लिहून घर चालवीत असे. अनिल अवचटांची वाट मात्र निराळी. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण बिहारच्या दुष्काळात जाऊन आला, 1969 साली त्याचे 'पूर्णिया' प्रसिद्ध झाले, आणि पुढे लेखन व समाजकार्य हेच त्याचे जीवन झाले. 1986 साली पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' उभारले. 2022 साली ते निवर्तले. त्यांचे उदाहरण ऐकून पालक दचकतात, हे मला ठाऊक आहे. पण अवचट प्रत्येक घरी निपजत नाहीत. माझ्यासारखेच अधिक निपजतात. म्हणून थोडे माझ्याविषयी सांगतो.

माझे वडील येथल्या रेल्वेत नोकरीस होते. 1973 साली मला मुंबईस मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा मंडळाने शिष्यवृत्ती दिली. वसतिगृहात हाडांचा संच उशाशी असे, आणि हातात कवितेची वही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शरीररचनाशास्त्रात मी नापास झालो आणि सहा महिने मागे पडलो. मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालात शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत माझ्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' हा शब्द छापून आला. तो अहवाल गावातल्या आपल्या प्रत्येक घरी गेला होता. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "लिहू नकोस, असे मी कधी म्हटले नाही. पण पेपरही लिहावयाचा असतो." मग त्यांनी वही ट्रंकेत ठेवून कुलूप लावले. मी उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी ती परत दिली, तेव्हा इगतपुरीच्या पावसाळी ओलीने तिची पाने एकमेकांना चिकटली होती. त्यांतल्या कविता वाचवण्याजोग्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. शनिवारी घरी येताना कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिने लागत. तेथून थळघाट चढून येईपर्यंतचा वेळ तेवढा लेखनाचा. आठवड्यातून एकदाच.

पण वहीने माझे नुकसानच केले असे नव्हे. वॉर्डात शिकवीत की, रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. एका म्हाताऱ्याच्या कागदावर माझ्या सोबत्याने 'दम लागतो' एवढेच लिहिले. मी त्याचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते: आडवे झाले की जीव कासावीस होतो, पाठीशी दोन पोती ठेवून बसल्या-बसल्या झोपतो. गुरुजींनी तेवढ्यावर बोट ठेवले आणि हृदय तपासावयास सांगितले. दोष तेथेच निघाला. माणसाचे शब्द कान देऊन ऐकण्याची सवय मला कवितेने लावली होती.

एक चूक मात्र अद्याप सलते. व्यवसायाच्या प्रारंभी एका दिवाळी अंकात मी कथा लिहिली. घाटाखालच्या एका बाईचे दुखणे तीत होते. नाव, गाव बदलले होते. परंतु तिच्या दिराने ती वाचली आणि ओळखली. त्यानंतर ती बाई माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही. तिचे औषध पुढे कोणी चालवले, मला कळले नाही. नापास झालो त्याची भरपाई सहा महिन्यांत झाली. याची झाली नाही. तेव्हापासून रोग्याविषयी मी जे लिहितो, ते केसपेपरवर.

तर बाळ, वही बरोबर ने. परीक्षेच्या आधीचे दोन महिने ती वडिलांच्या स्वाधीन कर. ते ती परत देतील, असे त्यांच्याकडून मी आत्ताच, सर्वांसमक्ष कबूल करून घेतो. स्वतःविषयी हवे तितके लिही. खाटेवरच्या माणसाविषयी लिहिण्याआधी, तो ते वाचील असे समज. आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. येथल्या पावसाचा मला अनुभव आहे.