उन्हात तापलेला औषधाचा डबा



गच्च हवा भरलेली सायकल दुपारभर उन्हात राहिली, की कधी कधी ट्यूबचा बार होतो. हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. हवा तर कुणी जादा भरली नाही. मग दाब वाढला कशाने? उन्हाने. हवा तापली की पसरू पाहते. बंद जागेत पसरायला वाव नसतो, म्हणून ती चारी बाजूंना रेटा देते.

कीटकनाशकाच्या बंद डब्यातही हेच घडते. मागे एका गावी कपाशीवर फवारणीचे प्रात्यक्षिक होते. डबा सकाळपासून बांधावर उन्हात पडलेला. एका तरुणाने वाकून झाकण फिरवले मात्र, फस्सकन औषध तोंडावर उडाले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

याचा हिशेब सोपा आहे. वायूच्या हिशेबात तापमान उणे २७३ अंशांपासून मोजतात. म्हणजे सकाळचे २७ अंश झाले ३००, आणि उन्हात डबा ५७ अंशांपर्यंत तापला तर झाले ३३०. दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे दहाव्या हिश्श्याने वाढतो. पाच सेंटीमीटर रुंदीच्या झाकणाखाली हा सुमारे दोन किलोचा जादा रेटा झाला! शिवाय पातळ औषधाची वाफ होते, तिचा दाब वेगळाच.

हवा भरून चालवायच्या फवारणी पंपात तर मुळातच दाब जास्त असतो. तो भरलेला पंप उन्हात तापला, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून एवढे जरूर करा :

१. औषधाचे डबे सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

२. तापलेला डबा लगेच उघडू नका. सावलीत निवू द्या. मग हातमोजे व चष्मा घालून, तोंड बाजूला करून, झाकण हळूहळू सैल करा. आतली हवा निघून गेल्यावरच पुरते काढा.

३. जेवायला बसताना हवेचा पंप भरलेला ठेवू नका. आधी हवा सोडा, मगच झाकण उघडा.

४. औषध डोळ्यांत गेलेच, तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळे धुवा आणि डब्यावरची चिठ्ठी घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

मंडळी, कीड आज नाही तर उद्या आटोक्यात येईल. गेलेली नजर मात्र परत येत नाही.