नसलेल्या फिल्टरची सफाई

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं बँकेत गेली. गाडीबद्दलचं माझं ज्ञान पेट्रोल कुठे भरायचं आणि चाकात हवा किती ठेवायची, एवढ्यावर थांबलेलं. तरीही आज गाडीच्या एका सुट्या भागाबद्दल बोलणार आहे. हा भाग माझ्या गाडीत नव्हताच, आणि तो नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी सांगलीत राहतो. उसाचं गाळप सुरू झालं की आमच्याकडची हवा पालटते. तोड झालेल्या फडात पाचट पेटवतात. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये चिपाडं जळतात आणि सकाळी अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडलेली दिसते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्याची धूळ उडवत जातात. आमच्या हिला दमा आहे. हंगामाचे हे पाच महिने ती कसेबसे काढते. पावसाळ्यानंतर गाजर गवत फुलतं, तेव्हाही तेच. हे गवत भारतात प्रथम नोंदलं गेलं १९५०च्या दशकात, पुण्यात. आता रस्त्याकडेला दुसरं काही दिसत नाही.

हिची थोरली बहीण तासगावला असते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. अक्का पडून असते आणि ही दर पंधरा दिवसांनी तिला भेटायला जायची, अर्थात माझ्याबरोबर, गाडीतून. मग ही कुरकुर करायला लागली. “अहो, गाडीत बसलं की दहा मिनिटांत माझा घसा धरतो.” मी म्हणायचो, काचा बंद आहेत, ए.सी. चालू आहे, धूळ येणार कुठून? तिचं म्हणणं एकच, ए.सी. लावला की जास्त होतं.

मी सर्व्हिसिंगच्या बिलांची फाईल काढून तिच्यापुढे धरली. गाडी २०१२ सालची. दर वर्षीच्या बिलावर एक ओळ होती: ए.सी. फिल्टर सफाई, इतके इतके रुपये. “बघ, फिल्टर साफ करून घेतलेला आहे. मनाचे खेळ आहेत तुझे. जायचं नसेल तर तसं सांग.” ती काही बोलली नाही. त्यानंतर जवळजवळ चार महिने ती गाडीत बसली नाही. दुपारी अक्काला फोन करायची, तेवढंच.

पुढे एकदा बॅटरी उतरली म्हणून गल्लीतल्या आय.टी.आय. झालेल्या मुलाला बोलावलं. गाडी सुरू झाल्यावर त्यानं सवयीनं ए.सी. लावला आणि नाक आक्रसलं. “काका, कुबट वास मारतोय. फिल्टर कधी बदललाय?” मी मोठ्या ऐटीत फाईल आणली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. डाव्या सीटसमोरचा खण, ज्याला आपण ग्लोव्ह बॉक्स म्हणतो, तो त्यानं दोन्ही बाजूंनी दाबून खाली लोंबता सोडला, आत मोबाईलचा उजेड टाकला आणि म्हणाला, “काका, हितं फिल्टर हायच न्हाई.”

म्हणजे फिल्टरची जागा होती, फिल्टर नव्हता. स्वस्तातल्या पुष्कळ गाड्यांत अशी तऱ्हा होती. फिल्टरसाठी चौकोनी खाच ठेवलेली असे, पण खर्च वाचवायला फिल्टर दिलेला नसे आणि खाचेच्या तोंडावर ओतीव प्लास्टिकचा पडदा असे. तो कापल्याशिवाय आत काही घालताच येत नाही. माझ्या गाडीतला पडदा जसाच्या तसा होता. त्याला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी नसलेल्या फिल्टरच्या सफाईचे पैसे भरत होतो. बँकेत दुसऱ्याच्या व्हाउचरवर सही करताना तीनतीनदा तपासणारा माणूस मी! बिलं घेऊन गेलो तेव्हा मला सांगण्यात आलं की, संगणकातून ती ओळ आपोआप छापली जाते. पैशाचं मला फार वाटलं नाही. पण तोच कागद मी पुरावा म्हणून बायकोपुढे धरला होता, ते डाचत राहिलं.

ए.सी. लावला की जास्त होतं, हे तिचं म्हणणं बरोबर का होतं, तेही त्या मुलानं दाखवलं. समोरच्या मोठ्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली, काळी जाळी असते. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. वाटेत पंखा, पुढे ए.सी.ची थंड जाळी, आणि मग आपल्या तोंडासमोरचे झरोके. मध्ये फिल्टर नसेल तर धूळ, परागकण, काजळी हे सगळं पंखा आपल्याकडे फेकतो. शिवाय थंड जाळी ओली असते. तिच्यावर धूळ चिकटते, ओलीला बुरशी धरते. कुबट वास त्याचाच. आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलं तर धूळ कमी येते, पण बुरशी तिथेच राहते. आणि ते बटण तासन्‌तास दाबून ठेवलं की गाडीतल्या माणसांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गाडी चालवणाऱ्याला पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा घ्यावीच लागते.

मी ठरवलं की फिल्टर आपण स्वतः बसवायचा. त्या मुलानं सांगितलं तेव्हा काम सोपं वाटलं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाच्या बिलावर आता माझा विश्वास राहिला नव्हता.

सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं. दुकानदारानं विचारलं, साधा का कार्बनचा? साधा म्हणजे घडीघडीचा कृत्रिम तंतूंचा कागद. दिसायला बारीक चुण्यांच्या परकरासारखा. तंतूंवर स्थिर विजेचा भार असतो, त्यामुळे बारीक कण त्यांना चिकटतात. कार्बनच्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो. तो वास आणि काही वायूही शोषतो. मी कार्बनचा घेतला आणि वर झाकणही मागून घेतलं, कारण पडदा कापल्यावर तोंड उघडं राहून चालत नाही. दोन्ही मिळून सहाशेच्या आत झालं.

रविवारी सकाळी गाडी सावलीत लावली, बंद करून किल्ली काढून घेतली आणि खण रिकामा करायला घेतला. मंडळी, आपल्या खणात काय काय असतं, हे एकदा बघाच. टोलच्या पावत्या, सुकलेली बडीशेप, कुठल्याशा लग्नाची पत्रिका, एक मोजा. आणि तळाशी हिचा इनहेलर. गाडीत त्रास होतो म्हणून तिनं तो तिथे ठेवला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की, दाबाखालचा इनहेलर तापलेल्या गाडीत ठेवायचा नसतो. तीस अंशांच्या आत राहायला हवा. उन्हात बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

खण सोडवायला दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबायच्या, की अडकवणाऱ्या खुंट्या सुटतात. काही गाड्यांत उजव्या बाजूला एक दोरीही असते, ती आधी काढायची. आत वायरींचं जंजाळ दिसतं. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. समोर पंख्याच्या काळ्या डब्यावर तो चौकोनी पडदा. कडेनं बारीक खाच असते, तिच्यावरून पातं हलकेच चार-पाच वेळा फिरवायचं, एका दमात आरपार घुसवायचं नाही. पलीकडे पंखा आहे. मी पहिल्याच झटक्याला बोट कापून घेतलं. ही खिडकीतून बघत होती. काही न बोलता हळदीची वाटी आणून ठेवली आणि आत गेली.

पडदा निघाला आणि मी आत बॅटरीचा उजेड टाकला. वाळकी पानं होती. काजळीचा मऊ काळा थर होता. एका कोपऱ्यात सीटच्या स्पंजाचे कुरतडलेले तुकडे नीट रचलेले. उंदरानं बिऱ्हाड केलं होतं. मी तिला हाक मारली. ती पदर नाकाला लावून आली, वाकून पाहिलं. मी म्हटलं, “तुझंच खरं होतं.” ती म्हणाली, “आधी ते काढा बाहेर.”

घरातल्या व्हॅक्यूमची नळी घालून जेवढं निघालं तेवढं काढलं, प्लास्टिकचा भुगाही ओढून घेतला, नाही तर पंखा खडखडतो. मग फिल्टर सरकवला, झाकण लावलं, खण चढवला, आणि लक्षात आलं की चौकटीवरचा बाण आपण पाहिलाच नाही. हा बाण हवा ज्या दिशेनं वाहते ती दाखवतो. माझ्या गाडीत हवा वरून खाली पंख्याकडे जाते, म्हणजे बाण खाली हवा. मी नेमका वर केला होता. पुन्हा सगळं सोडवलं. नव्या माणसाला तास लागतो. मला दोन लागले. ज्यांच्या गाडीत फिल्टर मुळातच आहे त्यांना काही कापायचं नसतं. झाकण काढा, जुना ओढा, नवा घाला, पंधरा मिनिटांचं काम. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कापाकापी करण्याआधी विचारलेलं बरं.

थंड जाळीवरची बुरशी फिल्टरनं जात नाही. ती धुण्यासाठी मी गाडी त्या मुलाकडे दिली आणि शेजारी उभा राहून काम करून घेतलं.

मिरजेला हिच्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण जमिनीवर आणलं. फिल्टर म्हणजे औषध नव्हे, म्हणाले, रोजचा पंप चुकवायचा नाही. आणि खरंच, गाजर गवताचा परागकण पंधरा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका; तो असा फिल्टर सहज अडवतो. धुरातले अडीच मायक्रॉनच्या आतले कण मात्र काही अडतात, काही निसटतात. कार्बन मोनॉक्साइड तर मुळीच अडत नाही, कोळशाचा थर असला तरी. म्हणून फिल्टर आहे या भरवशावर बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावरचं आहे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तासगावला गेलो. वाटेत एका फडाला आग लावलेली होती, धूर रस्त्यावर आडवा आलेला. मी आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलं. हिनं पदर नाकाशी नेला, थोडा वेळ धरला आणि मग खाली घेतला. खोकली, पण गाडी थांबवा म्हणाली नाही. अक्कानं उशीवरूनच विचारलं, “आलीस होय गं?” आणि दोघी बहिणी सगळी दुपार बोलत बसल्या. मी बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचला.

आमच्या भागातल्या धुळीत मी फिल्टर दहा हजार किलोमीटर किंवा एक हंगाम, जे आधी होईल तेव्हा बदलतो. काही लोक तो धुऊन वाळवून पुन्हा घालतात. तसं करू नये, पाण्यानं तंतूंवरचा भार जातो. हवेच्या नळीनं झोडपला तर घड्या फाटतात. पहिला फिल्टर बाहेर काढला तेव्हा त्याची वरची बाजू तव्याच्या बुडासारखी झाली होती. हिनं तो वर्तमानपत्रावर ठेवून बराच वेळ पाहिला. “एवढं सगळं मी आत घेत होते?” असं विचारलं. मी होय म्हटलं.

नवा फिल्टर मी आधीच आणून ठेवतो, गाळप सुरू व्हायच्या आत बसवायला. बसवण्यापूर्वी ही तो हातात घेते, बाण बघते आणि चौकटीच्या कडेवर पेनानं तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहिते.