एका तिरप्या रेघेची दुरुस्ती

श्रोतेहो, ‘सांबा’ म्हटलं की आपल्याला ‘शोले’तला, खडकावर बंदूक घेऊन बसलेला सांबा आठवतो. कुणाला ब्राझीलचा नाच आठवेल. मी आज तिसऱ्याच सांबाविषयी बोलणार आहे. हे एक सॉफ्टवेअर आहे. एखाद्या कचेरीत काही संगणक विंडोजवर चालतात, काही लिनक्सवर. दोघांच्या बोली वेगळ्या. या टेबलावरून त्या संगणकातली फाइल उघडायची, तर मध्ये दुभाषा लागतो. ते काम सांबा करतो. घरचे फोटो साठवायला नेटवर्कला जी छोटी पेटी जोडतात, तिच्यातही पुष्कळदा तोच असतो. तो फुकट मिळतो, आणि त्याची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता येते, सुधारता येते. तीस वर्षांहून अधिक काळ माणसं ती सुधारत बसली आहेत. मी कवी माणूस. मला त्या सुधारत बसण्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात ऑस्ट्रेलियातली. कॅनबेरा इथल्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. १९९१च्या डिसेंबरात त्याला आपल्या टेबलावरचा संगणक विद्यापीठातल्या मोठ्या संगणकाशी जोडायचा होता. त्यासाठी लागणाऱ्या बोलीचं व्याकरण त्याच्याजवळ नव्हतं. मग त्यानं दोन यंत्रांमधलं बोलणं तारेवरून टिपायला सुरुवात केली. हा काय विचारतो, तो काय उत्तर देतो. जानेवारी १९९२मध्ये त्यानं आपला कार्यक्रम लोकांसाठी खुला केला आणि तो आपल्या अभ्यासाकडे वळला. जवळपास दोन वर्षांनी पत्नीचा विंडोजचा संगणक आपल्या लिनक्सला जोडताना त्याच्या ध्यानात आलं, की ही तीच बोली आहे. काम पुन्हा सुरू झालं. पहिल्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा त्यानं शब्दकोशात एस, एम, बी ही तीन अक्षरं त्याच क्रमानं येणारे शब्द शोधले. त्यात ‘सांबा’ सापडला.

आपली पद्धत समजावताना ट्रिजेल एक दाखला देत असे. फ्रेंच येत नसलेला माणूस फ्रान्समधल्या हॉटेलात बसतो. शेजारचा गिऱ्हाईक काय बोलला आणि त्याच्या पुढ्यात काय आलं, हे बघत राहतो. हळूहळू त्याला मागवायला जमतं. हे ऐकून मला परकं वाटलं नाही. माझ्या घरात दखनी बोलली जायची. मराठी मी गल्लीत, दुकानात, शाळेच्या ओट्यावर अशीच उचलली. ऐकून शिकलेली भाषा पक्की होते, पण तिच्यात एक अडचण असते. जे कधी कानावर पडलंच नाही, ते येत नाही. सांबातल्या कितीतरी चुका अशाच आहेत. समोरच्यानं पूर्वी न ऐकलेला प्रश्न विचारला, की दुभाषा गडबडतो.

व्याकरणाचं पुस्तक पुढं मिळालं, पण सहजासहजी नाही. युरोपियन आयोगानं २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला जबर दंड केला आणि ही माहिती इतरांना द्यायला सांगितलं. सप्टेंबर २००७मध्ये तिथल्या न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला. त्याच वर्षी डिसेंबरात दहा हजार युरो एकदाच भरून सांबाच्या मंडळींना ते दस्तऐवज पाहता आले. २०११मध्ये तर मायक्रोसॉफ्टनंच सांबासाठी सुधारणेचा तुकडा पाठवला. अशा तुकड्याला ‘पॅच’ म्हणतात. आपल्याकडे याला ठिगळ म्हणतील.

आता हे ठिगळ लागतं कसं? कुणीतरी कळवतो, ‘फाइल उघडत नाही.’ एवढ्यावर काही होत नाही. कोणती आवृत्ती, कोणती यंत्रं, काय केल्यावर बिघडतं, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा बिघडतं का, हे विचारावं लागतं. सर्व्हरची तपशीलवार नोंदवही आणि तारेवरून टिपलेलं बोलणं मागवावं लागतं. ताप आला म्हणणाऱ्याला डॉक्टर कधीपासून, थंडी वाजते का, असं विचारतात, तसंच हे. कारण सापडलं की पॅच लिहायचा. तो संघातल्या दोघांनी वाचून मान्य करावा लागतो. मग चाचण्यांची मोठी मालिका यंत्रावर चालते, कारण एक जागा शिवताना दुसरी उसवते. शेर लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं. एक शब्द बदलावा, तर काफिया सुटतो.

नवी सोय घालताना तर फारच जपावं लागतं. विंडोजला इंग्रजीतलं लहान अक्षर आणि मोठं अक्षर सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. दोघांचं समाधान करायचं, तर एका नावासाठी सगळा कप्पा चाळावा लागतो, आणि कप्प्यात हजारो फाइली असल्या की काम रेंगाळतं. २००३मध्ये आलेल्या सांबाच्या तिसऱ्या आवृत्तीनं युनिकोड आणलं. त्यामुळे फाइलीचं नाव देवनागरीत ठेवून ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर धडपणे नेण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘सातबारा’ किंवा ‘आईचं पत्र’ असं नाव आपण निर्धास्त देतो, त्यामागे अशा कुणाचे तरी कष्ट असतात.

पण सोयीबरोबर धोकाही येतो. मार्च २०१०मधल्या आवृत्तीपासून सांबात एक भोक राहून गेलं होतं. ज्याला सर्व्हरवर फाइल ठेवायची परवानगी आहे, तो आपली घातक फाइल तिथं ठेवून ती सर्व्हरकडूनच चालवून घेऊ शकत होता. पाहुण्यानं पेढ्यांचा डबा ठेवावा आणि त्यातलं विष घरमालकाच्याच हातून वाटलं जावं, तसं. आज्ञावली उघडी होती, कुणीही वाचू शकत होतं, तरी हे भोक सात वर्षं राहिलं. उघडं असणं आणि कुणी वाचणं यांत अंतर आहे. मे २०१७मध्ये ते बुजवलं. ठिगळ अवघ्या काही ओळींचं होतं. नावात तिरपी रेघ आली, तर नकार द्यायचा. एवढंच.

त्याच महिन्यात ‘वॉनाक्राय’नं जगभरातल्या विंडोज संगणकांना कुलपं घातली होती. तो याच बोलीच्या जुन्या रूपातून शिरला होता. ब्रिटनमधल्या इस्पितळांचं कामकाज अडलं. पुढं २०१९मध्ये सांबानं ते जुनं रूप आपणहून बंद ठेवायचं ठरवलं. निर्णय रास्त होता. पण एखाद्या दुकानातलं जुनं स्कॅनर तेवढीच बोली जाणतं. सुधारणा झाली, की त्याची पानं संगणकात येईनाशी होतात. दुकानदाराला वाटतं, चांगलं चाललेलं बिघडवलं. म्हणून ज्याला गरज आहे, त्याला स्वतःच्या जबाबदारीवर ते रूप चालू करता येईल, अशी वाट ठेवली गेली. सर्वांचं रक्षण करायचं आणि जुन्यालाही एकदम दाराबाहेर काढायचं नाही, असा तोल सांभाळावा लागतो.

श्रोतेहो, हे काम करणाऱ्यांतल्या काहींना कंपन्या पगार देतात, काही हौसेनं करतात. नवं काही घडवलं तर नाव होतं. दुरुस्ती नीट झाली, तर तिची कुणाला खबरही लागत नाही. फाइल उघडते आणि आपण कामाला लागतो. तरी या माणसांचं काम आपल्या दारापर्यंत येऊन अडू शकतं. ठिगळ तयार असतं, पण फोटोंच्या पेटीला ते लावलेलंच नसतं. कधी पेटी विकणारा ते पुढं पोचवत नाही, कधी आपण ‘नंतर’ म्हणून टाळतो. तेव्हा घरी, दुकानात अशी पेटी असेल, तर तिची नवी आवृत्ती आली आहे का, एवढं या आठवड्यात पाहून घ्या. आणि काही बिघडलेलं दिसलं, तर नुसती कुरकुर न करता काय बिघडलं, केव्हा बिघडलं, ते नीट लिहून कळवा. पॅच लिहिणारे थोडे असतात. कळवणं आपल्यापैकी कुणालाही जमेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)