काचेच्या टाकीतील अदृश्य कारभार



माशांची काचेची टाकी आता पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत दिसते. हौसेने टाकी आणायची, वाळू पसरायची, चार पाणवनस्पती रोवायच्या आणि त्याच संध्याकाळी आठ-दहा मासे सोडायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. आठवडाभर सारे ठीक चालते. पुढे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात आणि एकेक करून मरतात. पाणी मात्र आरशासारखे नितळ असते. मग ‘मासेच रोगट निघाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे आज एवढेच सांगणे आहे, की बहुधा मासे निरोगी होते, टाकी अजून तयार व्हायची होती.

तयार होणे म्हणजे काय, हे समजायला थोडे मागे जाऊ. 1850 साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तेथील केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. बारा गॅलनांच्या पात्रात त्यांनी दोन गोल्डफिश ठेवले आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती लावली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी कर्बवायू द्यावा, अशी ही देवघेव. जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली, आणि त्यांची अंडी माशांच्या उपयोगी पडली. जमाखर्च जुळला! पण एक रकाना कोरा राहिला. माशांच्या कल्ल्यांतून अखंड बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे पुढे काय होते?

योगायोग असा, की या उत्तराचा मोठा भाग त्यांच्याच चिरंजीवांच्या हाती लागला, आणि तोही शेतीच्या अभ्यासात. अमोनियाचे नायट्रेट होते ते सजीवांच्या कृतीने, हे श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी 1877 साली फ्रान्समध्ये दाखविले होते. रॉदमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पुढे सिद्ध केले, की हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे कामगार निराळे असतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. हे जीवाणू वेगळे काढून दाखविण्याचे श्रेय 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. 2015 साली तर दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे जीवाणूही सापडले.

शेतातल्या मातीत जे घडते तेच आपल्या टाकीतील वाळूत घडते. अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. पाण्याचा सामू 7 असेल, तर साधारण 25 अंश उष्णतेला त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. पाणवनस्पती अमोनिया थेट शोषतात आणि नायट्रेटही वापरतात. म्हणून दाट लावलेली टाकी अधिक सुरक्षित असते, आणि वाढलेली पाने छाटून आपण बाहेर टाकतो, तेव्हा माशांचा मळच बाहेर जात असतो.

हे जीवाणू फार सावकाश वाढतात. नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता चिमूटभर खाद्य टाकीत कुजू द्यावे, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळतो. कोणा स्नेह्याची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला स्पंजाचा तुकडा मागून आणावा. दह्याला विरजण लावतो तसे हे विरजणच आहे. तपासणीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडे दिसले, म्हणजे टाकी तयार झाली. मासे सोडायचे तेही दोन-दोन, तीन-तीन असे.

आता आपल्या स्वच्छतेच्या आवडीबद्दल. हे जीवाणू मुख्यतः वाळू, स्पंज, काच, पाने यांना चिकटून राहतात. पाण्यात ते थोडेच असतात. म्हणून दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले तर बिघडत नाही. पण सारी वाळू उपसून, गाळणी नळाखाली खळखळून धुतली, तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन कामगारांची सारी वसाहत मारू शकतो, आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नव्या पाण्यातला क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा हायपो, उपयोगी पडतो.

आता उन्हाळ्याबद्दल. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि तो माशांइतकाच या जीवाणूंनाही लागतो. वीज जाऊन गाळणी बंद पडली तर खाद्य देणे थांबवावे आणि तांब्याने पाणी उंचावरून टाकीत ओतत राहावे. एक-दोन दिवसांच्या उपवासाने निरोगी मासा मरत नाही; न खाल्लेल्या, कुजलेल्या दाण्यांनी मात्र मरतो.

घरातल्या मुलांना मासे आधी दाखवालच. त्याआधीचे चार आठवडे नुसती वाळू आणि वनस्पती असलेली टाकीही त्यांना दाखवा, आणि आत काय चालले आहे ते सांगा.