ढगातले कपाट



आमची शाळा म्हणजे १८२८ साली स्थापन झालेले येथील नगर वाचनालय. घरी ग्रंथ जमवावे, तर कोकणात वाळवी, दमट हवा आणि भाड्याची खोली आडवी येते. त्यात २०२१ च्या जुलैत चिपळुणात पुराचे पाणी थेट वाचन मंदिरात शिरलेले आपण पाहिलेच. तेव्हा ई-पुस्तके ‘क्लाउड’मध्ये ठेवावीत, हा सल्ला आम्हांला मानवतो. गूगल १५ जीबी जागा फुकट देते. टपाल व छायाचित्रे त्यातच, तरी एक-दोन एमबीची हजारो पुस्तके मावतील.

पण हा ढग आकाशात नसतो. ते दुसऱ्याचे गोदाम, आणि करार वाचल्याविना सही करू नये, हे आम्ही कामगारांना जन्मभर सांगत आलो. दोन वर्षे खाते वापरले नाही, तर ते आतील मजकुरासह पुसण्याचा हक्क कंपनीने राखला आहे. विकतच्या पुस्तकाची तर आणखीच तऱ्हा! पैसे मोजून मिळतो तो बहुधा नुसता वाचण्याचा परवाना. २००९ साली ॲमेझॉनने विकलेल्या प्रती गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पुस्तक नेमके ऑर्वेलचे ‘१९८४’! पैसे परत मिळाले, पण एका विद्यार्थ्याची टिपणे वाया गेली.

म्हणून राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची विनामूल्य पुस्तके उतरवून घ्या. एक प्रत क्लाउडमध्ये, दुसरी घरच्या हार्ड डिस्कवर. सभासद वारल्यावर फंडाच्या कागदावर वारसाचे नाव नसले, की त्याच्या बायकोला किती खेटे घालावे लागतात, ते आम्ही जाणतो. गूगलच्या खात्यालाही असा वारस नेमता येतो. दहा नावांपर्यंत मुभा आहे.