‘देवळात’ हा शब्द कोशात का सापडत नाही?

(आनंद नगर येथे गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण भोपाळकर. मुलांची शाळा हिंदी-इंग्रजीतली, त्यामुळे देवनागरी ती झरझर वाचतात. अडतो तो अर्थ. माझी मुलगी ई-रीडरवर मराठी गोष्ट वाचत होती. ‘देवळात’ या शब्दावर तिने बोट ठेवले. उत्तर आले, शब्द सापडला नाही. ती म्हणाली, “बाबा, हा शब्दच नाहीये!”

शब्द होता, पण कोशात तो ‘देऊळ’ या रूपात असतो. पाणी-पाण्यात, घोडा-घोड्याला अशी सामान्यरूपे आपण घरात ऐकून शिकलो. यंत्राला ती कोण शिकवणार?

त्या ई-रीडरवर मी केओरीडर हे मुक्त सॉफ्टवेअर घातले होते. ते फुकट आहे, किंडल, कोबो आणि अँड्रॉइडवर चालते, आणि त्याचा कोड कोणालाही पाहता व बदलता येतो. म्हणून उत्साहाच्या भरात मी मराठीचे नियम थेट मूळ कोडमध्येच लिहिले. पुढची आवृत्ती आली आणि माझे सगळे काम पुसले गेले. चूक माझीच होती. मंडपात कार्यक्रम करायचा तर आपण मंडपाचे खांब हलवत नाही!

यासाठीच प्लगइन असते, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला न छेडता बाहेरून जोडायचा छोटा भाग. केओरीडरमध्ये ते लुआ भाषेत लिहितात आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. दोघांनी एकमेकांशी कसे बोलायचे, हा ठरलेला करार म्हणजे इंटरफेस. जपानी क्रियापदांचे मूळ रूप शोधून कोशाकडे पाठवणारे प्लगइन तिथे आधीच आहे. आपल्याला तीच वाट मोकळी आहे.

हा करार कसा असावा, हे मला मराठीनेच शिकवले.

पहिली गोष्ट, प्लगइनने एकच उत्तर देऊ नये. ‘माळ्याला’ म्हणजे माळीबुवांना, की घराच्या माळ्याला? प्लगइनने ‘माळी’ आणि ‘माळा’ दोन्ही सुचवावेत. निवड वाचणाऱ्याने करावी.

दुसरी, मूळ शब्द आधी जसाच्या तसा शोधावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात ‘हात’मधला ‘त’ प्रत्यय समजून कापला गेला आणि उरला नुसता ‘हा’!

तिसरी, प्लगइन चुकले तरी पुस्तक बंद पडू नये. वाचन आधी, आपली करामत नंतर.

कोशांची आपल्याकडे वाण नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. आज तो संगणकावरही शोधता येतो. केओरीडर स्टारडिक्ट पद्धतीचे कोश वाचते. त्या रूपात आणलेला कोणताही मराठी कोश त्यात बसतो. उणीव आहे ती बोट ठेवलेला शब्द आणि कोशातला शब्द यांच्यामधल्या पुलाची.

हा पूल एकट्या संगणकवाल्याचे काम नाही. कोड आपली तरुण मुले लिहितील. पण ‘देवळात’चे मूळ ‘देऊळ’, हे सांगायला आजी-आजोबाच हवेत. आरतीनंतर रोज दहा मिनिटे बसू या. ज्येष्ठांनी रूपे सांगावी, मुलांनी टिपून घ्यावी. पुढच्या गणपतीपर्यंत आपल्या नातवंडांना ‘देवळात’चा अर्थ सापडला, तर हा उत्सव सार्थकी लागला असे मी समजेन.

गणपती बाप्पा मोरया!