उसळत्या पाण्यातली शर्यत

जोतिबाच्या डोंगराखालचं पंचगंगेचं खोरं पाण्याला सरावलेलं. तरी कॅनो स्लॅलम या नावांच्या शर्यतीचं पाणी निराळंच, खवळलेलं.

नदीवर तारांना टांगलेल्या खांबांची 18 ते 25 फाटकं असतात. हिरवी प्रवाहाबरोबर पार करायची. लाल मात्र प्रवाहाविरुद्ध, आणि खरा कस तिथंच! खडकामागच्या संथ पाण्यात नावेचं टोक घुसवायचं, वल्ह्याच्या एका फटक्यात गर्रकन वळायचं. खांबाला वल्ह्याचा नुसता स्पर्श झाला तरी 2 सेकंदांचा दंड. फाटक चुकलं तर 50. म्हणजे पदक गेलंच म्हणा.

नावा दोन प्रकारच्या: कयाकमध्ये बसून दुपाती वल्हं, कॅनोमध्ये गुडघ्यांवर बसून एकपाती. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सनं दोन्हींत सुवर्ण जिंकलं.

आपल्याकडे 2023मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतली ही शर्यत अहिल्याबाईंच्या महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत झाली. महाराष्ट्रात कोलाडची कुंडलिका आहेच. धरणाचं पाणी सुटलं की ती फेसाळते. तिथं राफ्टिंगला गर्दी होते, स्लॅलमची फाटकंही टांगायला हवीत.